कारचे स्पार्क प्लग घरीच कसे बदलायचे: नागपूरकरांसाठी सविस्तर माहिती

सिग्नलवर उभी असताना गाडी थरथरते. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना पिकअप देऊन नाही राहिली. सकाळी दोन-तीनदा सेल मारल्याशिवाय सुरू होत नाही, आणि ॲव्हरेजही पडलं आहे. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीबद्दल या तक्रारी एकत्र येऊ लागल्या की सगळ्यात आधी स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल किंवा गॅस पेटवणारे प्लग, बघावेत. काम स्वस्त आहे, हत्यारं थोडी लागतात आणि तीन किंवा चार सिलिंडरची साधी गाडी असेल तर तासाभरात उरकतं. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात. तिथे ग्लो प्लग असतात आणि त्यांचं काम वेगळं आहे, त्यामुळे डिझेलवाल्यांना या लेखाचा उपयोग नाही.

या कामात विजेची भीती लोकांना जास्त वाटते. इग्निशन कॉईल २०,००० व्होल्टच्या वर दाब तयार करते हे खरं, पण इंजिन बंद असताना आणि चावी काढलेली असताना तिथे काही नसतं. खरी भीती आट्यांची. आजच्या बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लगची चूड, म्हणजे आट्यांचा भाग, स्टीलची. प्लग तिरका बसला किंवा जोर लावून पिळला तर हेडचे आटे मरतात, आणि मग काही शे रुपयांच्या कामाचा खर्च हजारांत जातो. म्हणून पुढे जिथे जिथे ‘बोटाने’ असं लिहिलं आहे तिथे बोटानेच करा.

कधी बदलायचे

तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर दिलेले असतात, तेच धरा. साधारण अंदाज असा: निकेलचे साधे प्लग २०,००० ते ४०,००० किलोमीटर चालतात, प्लॅटिनम आणि इरिडियमचे ८०,००० ते १,००,००० पर्यंत जातात. गाडी जास्त करून सीएनजीवर चालत असेल तर मुदतीची वाट न पाहता मधे एकदा काढून बघा. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडायला जास्त दाब लागतो, त्यामुळे झिजलेला प्लग गॅसवर आधी दगा देतो. पेट्रोलवर गाडी ठीक चालते आणि गॅसवर टाकली की धक्के मारते, असं होत असेल तर पहिला संशय प्लगवर घ्यावा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी फिरवत बसू नका. ठिणगी पडली नाही की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे जळतं आणि तो भाग खराब करतं. त्याच्या किमतीपुढे प्लगची किंमत म्हणजे काहीच नाही.

शहरातल्या शहरात गाडी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. प्लगच्या टोकाचं तापमान साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की त्याच्यावरचा कार्बन आपोआप जळतो. धरमपेठेतून सीताबर्डी, सीताबर्डीहून सदर, तिथून घर, अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतही नाही आणि कार्बन साचत जातो. उलट रोज बुटीबोरीला जाऊन येणाऱ्या गाडीचे प्लग स्वच्छ निघतात. दोन शेजाऱ्यांच्या एकसारख्या गाड्या, सारखेच किलोमीटर, पण प्लगची अवस्था पार वेगळी, हे त्यामुळेच होतं.

प्लग विकत घेताना

पुस्तिकेत लिहिलेला नंबरच मागा. ‘अमुक गाडीचा प्लग द्या’ असं सांगितलं की दुकानदार जवळपासचा हातात ठेवतो. चूड बसते, गाडी सुरूही होते, पण प्लगची लांबी किंवा हीट रेंज चुकलेली असू शकते. हीट रेंज म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर हेडमध्ये सोडतो ते. जास्त गरम प्लग बसवला तर आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात, एसी चालू, गाडी भरलेली आणि चढावर, अशा वेळी त्याचं टोक इतकं तापतं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेतं. जास्त थंड प्लग बसवला तर तो सदा काळाच राहतो. कंपन्यांच्या आकड्यांची भाषाही एक नाही: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. म्हणून एका कंपनीच्या नंबरावरून दुसऱ्या कंपनीचा प्लग मनाने ठरवू नका, कंपनीचा तक्ता बघा. जुने मिस्त्री अजूनही ‘मायको’चा प्लग म्हणतात, तो बॉशच. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं.

मूळ गाडीत निकेलचे प्लग आले असतील तर निकेलचेच घालायला हरकत नाही. मूळचे इरिडियम असतील तर पैसे वाचवायला निकेल घालू नका. इरिडियम काही पटींनी महाग असतात, पण जिथे प्लग काढणंच कटकटीचं आहे तिथे ते परवडतात. एक बदलायचा आणि बाकीचे ठेवायचे असंही करू नका, पूर्ण सेट घ्या. आणि मोजून घ्या, कारण सिलिंडर चार म्हणजे प्लग चारच असं नेहमी नसतं. जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात एका सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ प्लग आहेत.

नकली माल बाजारात फिरतो. खोका सीलबंद असावा, पांढऱ्या सिरॅमिकवरची छपाई स्वच्छ असावी, मधला इलेक्ट्रोड (ठिणगी पडते ते टोक) बरोबर मधोमध असावा आणि वॉशर चूडीवर नीट फिरावा. भाव फारच कमी सांगितला तर दुसऱ्या दुकानात जा आणि बिल घ्याच. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम घरी करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्या.

हत्यारं

प्लगची खोल गोटी (सॉकेट) लागेल, आत रबर किंवा चुंबक असलेली. नव्या गाड्यांत बहुतेक १६ मिमीची, जुन्यांत २१ मिमीची, काही अगदी नव्या इंजिनांत पातळ भिंतीची १४ मिमीची. घेण्याआधी खात्री करा. त्याबरोबर रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा), एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन, कॉईलच्या बोल्टसाठी १० मिमीची गोटी, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), उजेडासाठी हातातली बॅटरी (टॉर्च), स्वच्छ सुती फडकं आणि बोटाएवढ्या जाडीची वीतभर रबरी नळी. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, मिळाला तर फारच चांगलं. स्वतःचा घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासभर मागून आणा, चांगले मिस्त्री देतात. हवा मारायला सायकलचा पंपही चालतो.

वेळ ठरवा सकाळची

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. गरम ॲल्युमिनियम प्रसरण पावलेलं आणि मऊ असतं, त्यातून प्लग पिळून काढला तर आटे सोबत घेऊन येतो. दुसऱ्या गावी असता तर गाडी बंद करून दोन-तीन तास थांबा म्हटलं असतं. पण नागपुरात एप्रिल-मे मध्ये, त्यातही नवतपात, दुपारी अंगणात उभी असलेली गाडी दोन-तीन तासांत थंड होत नाही. बोनेटच तव्यासारखं असतं. रात्री गाडी सावलीत किंवा शेडमध्ये लावा आणि सकाळी सहाला काम सुरू करा. उजेड असतो, वारा कमी असतो, त्यामुळे धूळही उडत नाही. ही धुळीची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण थोड्याच वेळात इंजिनाची तोंडं उघडी पडणार आहेत.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चावी काढून खिशात. बटण स्टार्ट गाडी असेल तर चावी घरात ठेवून या. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली तर उत्तम, मात्र काही गाड्यांत म्युझिक सिस्टीमचा कोड पुन्हा मागतो, तो आधी शोधून ठेवा. सीएनजी गाडीत बोनेट उघडल्यावर गॅसचा वास आला तर काम तिथेच थांबवा आणि आधी गळती बघून घ्या. नारिंगी रंगाच्या जाड तारा असलेली हायब्रिड गाडी असेल तर हे काम घरी करूच नका.

काढणं

इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण वर ओढलं की निघतं किंवा बोल्टवर असतं. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा बरोबर प्लगच्या वर येतो, तो आधी काढावा लागतो. डबा निघाल्यावर हवेच्या पाईपाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा, नाहीतर एखादा वॉशर आत जातो. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कोणती तार कुठून गेली हे नंतर आठवत नाही.

आता एका वेळी एकच सिलिंडर धरा. जुन्या मारुती ८००, ओम्नी यांच्यासारख्या डिस्ट्रिब्यूटरच्या (एकाच कॉईलची वीज वायरींनी सगळ्या प्लगना वाटणारा भाग असलेल्या) गाडीत हे फार महत्त्वाचं, कारण सगळ्या वायरी एकदम काढल्या आणि अदलाबदल झाली तर गाडी नीट चालणारच नाही. तिथे वायर ओढू नका. रबरी टोपी पकडा, थोडी डावी-उजवी फिरवा आणि मग सरळ वर ओढा. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर एक कॉईल बसलेली असते. तिच्या कनेक्टरचं लॉक दाबून कनेक्टर काढा. इंजिनाच्या उष्णतेने हे प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ होतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकलं की कट्‌कन तुटतं. अंगठ्याने दाबा, कनेक्टर आधी थोडा आत ढकला म्हणजे लॉक सैल होतं, मग मागे घ्या. १० मिमीचा बोल्ट काढा, कॉईल हलकी फिरवून वर उचला.

कॉईल निघाली की खाली खोल विहीर दिसते आणि तिच्या तळाशी प्लग. टॉर्च मारून बघा. आपल्या रस्त्यांवरची धूळ, वाळलेली पानं, कधी मुंग्यांची माती, सगळं तिथे साचतं. प्लग सोडण्याआधी डोळ्यांवर चष्मा लावून हवा मारा. मग प्लग फक्त अर्धा फेरा सैल करा आणि पुन्हा हवा मारा. पहिल्या वेळी चिकटून बसलेली घाण या दुसऱ्या वेळी उडते. ही पायरी बरेच जण गाळतात. पण एक खडा सिलिंडरमध्ये गेला तर तो पिस्टन आणि भिंतीच्या मधे फिरत राहतो.

विहिरीत तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं सील गळतं आहे. आधी फडक्याने ते तेल टिपून घ्या, नंतरच प्लग काढा, आणि सील बदलायची नोंद करून ठेवा. तेलाने कॉईलची रबरी टोपी फुगते आणि नवा प्लगही मिसिंग मारू लागतो, म्हणजे मधेच ठिणगी चुकवतो.

गोटी प्लगवर सरळ आणि पूर्ण बसवा. तिरकी गोटी सिरॅमिकला तडा देते. डावीकडे फिरवा. पहिल्या झटक्याला ‘टक्’ करून सुटला की पुढे हाताने फिरला पाहिजे. मधेच जड झाला तर जोर लावू नका: थोडा परत आत फिरवा, मग बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तरी अडला तर थोडं गंज सोडवणारं तेल सोडून अर्धा तास थांबा. त्यानेही न सुटणारा प्लग मिस्त्रीकडे न्यावा. आटे गेलेच तर हेलिकॉइल नावाची स्प्रिंगसारखी चूड बसवून दुरुस्ती होते, पण ते हेडचं काम करणाऱ्याच्या हाताचं काम आहे.

जुना प्लग वाचा

हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गॅरेजमध्ये जुने प्लग डब्यात पडतात आणि गाडीमालकाला ते कधी दिसतच नाहीत. घरी काम करण्याचा खरा फायदा हाच की प्रत्येक सिलिंडरच्या आत काय चाललं आहे ते तुम्हाला बघायला मिळतं. निघालेले प्लग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडा, १, २, ३, ४ लिहून.

टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. फक्त मुदत संपली आहे. सीएनजीवर चाललेल्या गाडीचे प्लग याहून फिकट निघतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कोरडी, मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर काढून बघा. उमरेड रोडला किंवा कोराडीकडे रोज जाणारी गाडी असेल तर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच भरतो. फिल्टर स्वच्छ असेल आणि तुमच्या फेऱ्या छोट्या असतील तर कारण वर सांगितलं तेच.

ओलं, चमकदार, काळं तेल म्हणजे इंजिन ऑइल आत येतं आहे: पिस्टनच्या रिंगा किंवा वॉल्व्हची सीलं. एकाच प्लगवर असेल तर त्या एकाच सिलिंडरचा प्रश्न आहे. नवा प्लग घातल्याने काही दिवस बरं वाटेल, रोग जाणार नाही. डिपस्टिकवर तेल कमी होत आहे का ते लक्ष ठेवून बघा.

चुन्यासारखं पांढरं, फोड आलेलं किंवा वितळलेलं टोक ही गंभीर खूण आहे. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा आहे. आधी रेडिएटर, कूलंट आणि पंखा तपासा. नागपूरच्या उन्हाळ्यात अशा गाडीने लांबचा प्रवास करू नका.

आणखी एक खूण लोकांना उगाच घाबरवते. सिरॅमिकवर, लोखंडी भागाच्या अगदी वर, तपकिरी वलय दिसतं. ‘गॅस लीक होते’ असं कोणी तरी सांगतं. ते लीक नसतं. जास्त दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे सूक्ष्म कण तिथे चिकटतात, एवढंच. पण सिरॅमिकवर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर वीज बाहेरून पळत होती. मग त्या कॉईलची टोपीही आतून बघा, तिथेही तशीच रेघ सापडेल आणि टोपी बदलावी लागेल.

नवा बसवणं

नवा प्लग बहुतेक वेळा गॅप (दोन इलेक्ट्रोडमधली फट) लावूनच येतो, तरी फिलर गेजने तपासा. पुस्तिकेतला आकडा साधारण ०.७ ते १.१ मिमीच्या दरम्यान असतो. निकेलच्या प्लगमध्ये गॅप कमी-जास्त करायचा तर फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवायचा, मधल्याला हात लावायचा नाही. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, गेज दाबून घातलं तर तुटतं. त्याचा गॅप बरोबर नसेल तर प्लग दुकानात परत द्या. हातातून फरशीवर पडलेला प्लगही वापरू नका, आत तडा गेलेला बाहेरून दिसत नाही.

चूडीला ग्रीस किंवा तेल लावावं का, हे नेहमी विचारलं जातं. आजच्या प्लगच्या चूडीवर मुलामा असतो, तिला काही लावू नये असंच एनजीके सांगते. चूड ओली असली की तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

आता रबरी नळी घ्या. प्लगचं वरचं टोक नळीत खोचा आणि प्लग विहिरीत सोडा. आधी डावीकडे, म्हणजे उलटा, हळूच फिरवा. चूडीची सुरुवात जुळते तिथे बारीकसा ‘टुक्’ असा झोल बोटांना जाणवतो. तिथून उजवीकडे फिरवायला लागा. आटे जुळले असतील तर प्लग नुसत्या नळीने तळापर्यंत जातो. तिरका लागला असेल तर नळी प्लगवरच घसरते, पुढे जात नाही. रॅचेटने हे कळत नाही, तो मुकाट्याने आटे कापत जातो. म्हणून प्लग तळाला टेकेपर्यंत रॅचेट हातात घ्यायचाच नाही.

टेकल्यावर टॉर्क रेंच. १४ मिमी चूड आणि ॲल्युमिनियम हेड असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमी चूडीला १५ ते २०, १० मिमी चूडीला १० ते १२. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर १४ मिमीच्या नव्या वॉशरवाल्या प्लगला बोटाने टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर दबताना हाताला कळतं, आधी मऊ लागतं आणि मग एकदम घट्ट होतं. तिथे थांबा. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर टेकल्यावर फक्त एक सोळांश फेरा, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. कोणत्या प्लगला किती फेरा हे बहुतेक खोक्यावर चित्राने दिलेलं असतं. फार सैलही ठेवू नका: सैल प्लगची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि तो जळतो.

कॉईल किंवा वायरची टोपी सरळ दाबून बसवा, ‘टप्’ असा आवाज येतो. बोल्ट बेताने आवळा, कनेक्टर ‘क्लिक’ होईपर्यंत लावा. मग पुढचा सिलिंडर.

सुरू केल्यावर

बॅटरीची तार जोडा, मोजून सगळी हत्यारं आणि फडकी बाहेर आल्याची खात्री करा, एअर फिल्टरच्या पाईपातलं फडकं आठवणीने काढा आणि गाडी सुरू करा. दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा. आवाज एकसारखा हवा. ‘भक्‌ भक्‌’ असा खंड पडत असेल तर इंजिन बंद करा आणि आधी कनेक्टर बघा, एखादा अर्धवट लागलेला असतो.

सगळं जागेवर असूनही गाडी मिसिंग मारत असेल आणि चेक इंजिनचा दिवा आला तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड वाचा. पी०३०० म्हणजे मिसफायर आहे पण एका ठराविक सिलिंडरचा नाही, पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ दुसरा, असंच पुढे. समजा पी०३०२ आला. गाडी थंड होऊ द्या आणि दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉईल आपसात बदला. कोड पुसून गाडी पुन्हा चालवा. आता पी०३०३ आला तर ती कॉईल खराब आहे, तेवढी एक बदला. पी०३०२ तसाच राहिला तर दोष कॉईलमध्ये नाही, मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावं लागेल.

डिस्ट्रिब्यूटरच्या जुन्या गाडीत स्कॅनर लागत नाही. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, हात आणि कपडे लांब ठेवून. जिथे वायरीला चीर आहे तिथे निळसर ठिणगी नाचताना दिसते. पावसाळ्यात सकाळी धक्के मारणाऱ्या गाड्यांचं दुखणं बहुतेक या चिरांतच असतं. अशी ठिणगी दिसली तर सगळ्या वायरींचा सेट बदला.